गाजराचा ऑक्टोपस, पाय आठ

आमच्या घरमालकांनी आयुष्यातला पहिला ऑक्टोपस पाहिला तो सत्तरीला दोन वर्षं कमी असताना, माझ्या लॅपटॉपवर, आणि पाहिल्याबरोबर त्यांनी त्याचे पाय मोजले.

"सहाच आहेत," ते म्हणाले. "मागे घ्या जरा."

खरं तर ते आवाज कमी करा म्हणून सांगायला वर आले होते. मी मागे घेतलं. जपानी कार्टूनमधली एक शाळकरी मुलगी मधल्या सुट्टीत डबा उघडत होती आणि भाताशेजारी छोटे छोटे लाल ऑक्टोपस बसलेले होते. ते खरे नसतात, सॉसेज कापून केलेले असतात, पोरांनी डबा संपवावा म्हणून तिकडच्या आया असे उद्योग करतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक पडद्याला लावलं आणि चारही ऑक्टोपस वेगवेगळे मोजले. सगळे सहापायी निघाले.

"म्हणजे एका डब्यामागे आठ पाय कमी दिले," असं म्हणून ते वही आणायला खाली गेले.

त्यांना सगळी गल्ली काका म्हणायची, मीही काकाच म्हणायचो. द्वारका चौकाच्या मागे त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते आणि काकू, वरच्या खोलीत मी. चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि निवृत्त झाल्याची बातमी त्यांच्यापर्यंत अजून नीट पोहोचलेली नव्हती. भाजी आणायला निघाले की पिशवीच्या तळाशी एक किलोचं पितळी वजन असायचं. नदीकाठच्या बाजारात ते दिसले की भाजीवाले आपणहून दोन टोमॅटो जास्त टाकत, आणि काका ते दोन टोमॅटो काढून परत ठेवत. जास्त दिलेलंही माप चुकीचंच, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या काकूंना उभ्या हयातीत वरची कोथिंबीर कधी मिळाली नाही.

मला खोली मिळाली ती माझ्या धंद्यामुळे. मी तेव्हा एका छोट्या ऑफिसात द्राक्षांच्या खोक्यांवरची लेबलं बनवायचो. "लेबल" हा शब्द ऐकून काकांचा चेहरा उजळला. त्यांनी माझी अर्धा तास उलटतपासणी घेतली, 'निव्वळ वजन' ही अक्षरं किती उंचीची ठेवता म्हणून विचारलं, आणि मग टेपने खोली मोजली. करारात लिहिल्यापेक्षा ती तीन इंच कमी भरली. पंचवीस वर्षं ते ज्या घरात राहत होते त्या घरातली ही चोरी त्यांना त्या दिवशी कळली. भरपाई म्हणून त्यांनी मला जिन्यातला कोनाडा दिला आणि तसं करारात लिहूनही टाकलं. मी सही करताना ते माझ्या हाताकडे बघत होते.

"डावखुरे आहात?"

"हो."

त्यांनी वहीत नोंद केली. वहीत काय काय होतं देव जाणे. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "अहो भाडेकरू" असं जिन्याखालून ओरडत. काकू मात्र मला अरे-तुरे करायच्या आणि डाव्या हाताने जेवू नकोस म्हणून रोज सांगायच्या.

काकांचे खात्यातले किस्से ठरलेले होते आणि त्यांची वेळही ठरलेली होती, संध्याकाळचा दुसरा चहा. येवल्याच्या एका किराणावाल्याचा काटा खोटा निघाला तेव्हा त्याने आपल्या गड्याला पुढे ढकललं, साहेब, यानेच केलंय म्हणून. काकांनी गड्याला घरी पाठवलं. "पाटी ज्याच्या नावाची, दोष त्याचा. काटा कोणी का धरेना," हे वाक्य सांगताना ते बशी खाली ठेवत.

दुसरा किस्सा सुरगाण्याच्या आठवडे बाजारातला. तिथे एक म्हातारी वजनाऐवजी दगड ठेवून नागली, म्हणजे आपली नाचणी, विकायची. काकांनी दगड जप्त करून तोलला, तर तो किलोपेक्षा चांगला मूठभर जड. म्हातारी रोज सगळ्या गिऱ्हाइकांना जास्त देत होती. काका म्हणाले, बाई, यात तुमचंच नुकसान आहे. ती म्हणाली, "उणं गेलं तर झोप नाय येत मला. तू कदी इकाया बसलास का, सायेब? येकदा बसून बघ ना."

हा किस्सा काका इथेच थांबवत. एकदाच म्हणाले, "चौतीस वर्षं काट्याच्या या बाजूला उभा राहिलो हो. त्या बाजूला एक दिवस नाही. खरं माप देऊन दुकान चालतं का, ते मला माहीतच नाही." ते असं काही बोलले की मी बिस्किट बुडवायचो.

तर वही आली. रविवारी दुपारी माझ्या खोलीवर आम्ही आठ-दहा जण जपानी कार्टून बघायला जमायचो. त्यात आता काका धरले जाऊ लागले. दाराजवळची खुर्ची त्यांची. कथानकात त्यांना काडीचा रस नव्हता. नायिका मरायला टेकली की ते शेजारच्याला विचारत, "मागच्या दुकानाच्या पाटीवर तो ऑक्टोपस आहे का हो?" असायचाच. एकदा बघायला लागलं की तो तिकडे सगळीकडे दिसतो. दुकानाच्या छपरावर डोक्याला फडकं बांधून बसलेला, कीचेनला लटकलेला, मंगळावरून यानातून उतरलेला. पात्र लाजलं किंवा चिडलं की त्याचं तोंड लालबुंद होऊन ओठांचा चंबू होतो, तोही ऑक्टोपसच. काकांनी या सगळ्याची वर्गवारी केली: खाद्य, शोभा, शिवी आणि लाज.

शिवी कशी, ते आमच्या गटातल्या आर्किटेक्चर शिकणाऱ्या मुलीने त्यांना सांगितलं. "काका, तिकडे टकल्या माणसाला चिडवायला ऑक्टोपस म्हणतात. 'टाको'."

सगळ्यांनी लॅपटॉपकडे नजर वळवली, कारण काकांचं टक्कल उन्हाळ्यात पत्र्यासारखं चमकायचं. काकांनी टाळूवरून हात फिरवला. "निरीक्षण योग्य आहे," ते म्हणाले आणि लिहून घेतलं. त्या दिवसापासून ते टाको काका झाले.

सहा पायांचं प्रकरणही त्यांनी सोडलं नव्हतं. कार्टून काढणाऱ्या जपानी कंपनीला त्यांनी शुद्ध मराठीत, समास सोडून, तीन पानी पत्र पाठवलं. "आपल्या चौथ्या भागात ऑक्टोपस या प्राण्याचे पाय आठऐवजी सहा दाखवून बालप्रेक्षकांची दिशाभूल होत आहे, तरी खुलासा व्हावा." खुलासा आला नाही. काका रोज पोस्टमनला विचारायचे आणि पोस्टमन रोज म्हणायचा, "जपानचं अजून नाही, काका."

आता मूळ गोष्ट. त्या हिवाळ्यात आर्किटेक्चरवालीने आणि तिच्या मित्रमंडळींनी गंगापूर रोडवर एक मंगल कार्यालय दिवसभरासाठी घेऊन कार्टूनवेड्यांचा मेळावा भरवायचं ठरवलं. वेशभूषा स्पर्धा, चित्रं आणि खाण्याचे स्टॉल. टाकोयाकी पाहिजेच, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. टाकोयाकी म्हणजे गोल गोळे, आत ऑक्टोपसचा तुकडा, खळगे असलेल्या तव्यावर भाजलेले, सुईने फिरवत फिरवत. याचा व्हिडिओ बघताना काकू मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आप्पे की," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे पात्र आहे तसलं. आईने लग्नात दिलेलं, बिडाचं."

काका खुर्चीवरून उठले. "स्टॉल मी लावतो."

कुणाला काही कळायच्या आत ते ठरून गेलं, आणि काकांची झोप उडाली. त्यांच्या घरात अंडंसुद्धा पायरी चढत नव्हतं, तिथे ऑक्टोपस कुठून येणार? आणि आत ऑक्टोपस नसताना पाटीवर ऑक्टोपसचं नाव लिहायचं म्हणजे ग्राहकाची फसवणूक. अशाच फसवणुकीसाठी त्यांनी चौतीस वर्षं लोकांचे काटे उचलले होते. "आप्पे म्हणून विका," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी कोनाड्याकडे बघायला लागलो. मुलांना टाकोयाकीचा शब्द दिलाय, ते म्हणाले. शब्द म्हणजेही मापच.

तीन दिवसांनी सकाळी जिन्याखालून हाक आली. खाली गेलो तर काका स्वयंपाकघरात पाटावर बसलेले, समोर गाजरांचा ढीग. त्यांच्या तळहातावर अंगठ्याच्या पेराएवढा एक लाल ऑक्टोपस होता. गाजराचा. खालच्या बाजूला चार उभे काप एकमेकांना छेदून आठ पाय काढलेले, मिठाच्या पाण्यात उकळी देऊन पाय बाहेर वळवलेले, आणि डोळ्यांच्या जागी दोन मोहऱ्या. मी थक्क झालो. गोड दिसत होता हो तो.

"प्रत्येक गोळ्यात एक," काका म्हणाले. "पाटीवर लिहिणार: टाकोयाकी (शाकाहारी). आत गाजराचा ऑक्टोपस, नग एक, पाय आठ. आणि गिऱ्हाइकासमोर फोडून, मोजून द्यायचं. त्या म्हातारीला मी कधी उत्तर दिलं नव्हतं, भाडेकरू. आता देतो."

काकू पीठ फेटत होत्या. "आप्पेच आहेत ते," त्या माझ्याकडे बघून पुटपुटल्या. "पण करू दे."

मेळाव्याच्या दिवशी पहाटेपासून आम्ही दोघं गाजरं कापायला बसलो. एकशे साठ ऑक्टोपस. शंभर काकांनी कापले, साठ माझ्या वाट्याला आले. पहिले वीस मी प्रेमाने कापले. पुढचे वीस कर्तव्य म्हणून. शेवटच्या दहांच्या वेळी माझ्या बोटांना पेटके आले होते, रिक्षा दारात हॉर्न वाजवत होती, आणि शेवटून दुसऱ्याचा एक पाय सुरीखाली कट्कन तुटला. काका डबे भरायला बाहेर गेले होते. जास्तीचं गाजर उरलं नव्हतं. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि तो सात पायांचा ऑक्टोपस बाकीच्यांत सरकवून दिला. एकशे साठात कोण बघतंय, असं मला वाटलं. काकांच्या घरात तीन वर्षं राहून मला असं वाटलं, यावरून माझी अक्कल काय ती ओळखावी.

कार्यालयाच्या व्यासपीठावर आदल्या दिवशीच्या लग्नातल्या नवरा-नवरीची थर्माकोलची नावं तशीच होती आणि त्यांच्याखाली भुतं, राक्षस, जादूगारणी फोटो काढत होत्या. काका आपल्या जुन्या सफारीत, खिशाला दोन पेनं लावून आले होते. एका शिंगवाल्या मुलाने त्यांना आदराने विचारलं, "काका, कुठल्या सिरीजमधले तुम्ही?"

"वजनमापे," काका म्हणाले.

"अच्छा. बघितली नाही अजून," म्हणून त्याने सेल्फी घेतला.

स्टॉल तुफान चालला. काकू पात्रात पीठ घालायच्या, मी ऑक्टोपस टाकायचो, काका विणायच्या सुईने गोळे फिरवायचे. गोळा पानाच्या द्रोणात ठेवला की काका तो सुईने मधोमध फोडायचे, ऑक्टोपस बाहेर काढून उभा करायचे आणि म्हणायचे, "मोजून घ्या." पहिली दोन-चार पोरं लाजली. मग कुणीतरी मोठ्याने मोजलं, रांगेने साथ दिली, आणि बघता बघता प्रत्येक गोळ्यामागे सगळं कार्यालय ओरडायला लागलं, "एक! दोन! तीन!" आठला टाळ्या. काकांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी मान वळवून काकूंना सांगितलं, "चालतं हो. खरं माप देऊन चालतं." काकूंनी पदराने घाम पुसल्यासारखं केलं.

मी मात्र प्रत्येक गोळ्याला मरत होतो. घाईत सातपायी कुठला ते मला ओळखूच येईना. एकदा वाटलं, काकांच्या कानात सांगून टाकावं. पण मग रांग, टाळ्या आणि त्यांचा तो चेहरा. मी पुढचा ऑक्टोपस टाकला. भित्रेपणाला मी त्या वेळी काकांचा आनंद असं नाव दिलं होतं.

शंभर होऊन गेले असतील. चंदेरी केसांचा टोप घातलेला, पुठ्ठ्याची तलवार लावलेला एक उंच मुलगा पुढे आला. काकांनी गोळा फोडला.

"एक! दोन! तीन! चार! पाच! सहा! सात!"

आणि आठ आलंच नाही. वरच्या पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"असू द्या काका," तलवारवाला हसून म्हणाला. "मी खातो. भारी दिसतोय."

"हात लावू नका," काका म्हणाले. त्यांचं टक्कल हळूहळू लाल होत गेलं, थेट कार्टूनमधल्यासारखं, आणि कुणीही हसलं नाही. त्यांनी ऑक्टोपस सुईच्या टोकावर उचलला, डोळ्यांजवळ नेला, उलटा करून पायांचे काप बघितले. बराच वेळ बघितले. मग सुई खाली ठेवली आणि पाटी उलटी केली.

"विक्री बंद. पंचनामा करायचाय. दोन पंच पाहिजेत."

पोरांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. पंच म्हणून तलवारवाला उभा राहिला, आणि दुसरी एक कोल्ह्याची शेपटी लावलेली मुलगी. काका माझ्याकडे वळले. "भाडेकरू, तुम्ही लिहा."

मी लिहायला बसलो. ते सांगत होते, शब्द न अडखळता. आज रोजी सदर ठिकाणी, पाटीवर पाय आठ असे जाहीर केले असता, एका नगात पाय सात आढळले. दुकानदार स्वतः हजर असून दोष मान्य करीत आहे. सबब माल जप्त. मी डाव्या हाताने खरडत होतो आणि काका माझ्या हाताकडे बघत होते. "काका, अहो..." असं मी एकदा सुरू केलं.

"मध्ये बोलू नका. ओळ चुकेल," ते म्हणाले.

तलवारवाल्याने सही केली. शेपटीवालीने केली. लेखनिक म्हणून मीही केली. दोषी म्हणून काकांनी केली, आणि सफारीच्या खिशातून रुमाल काढून टोक डोळ्यांना लावलं. उरलेले गोळे त्यांनी पोरांना फुकट वाटायलाही नकार दिला. संशयित माल होता तो. घरी नेऊन आम्ही तिघांनी ते तीन दिवस खाल्ले, आणि काका प्रत्येक वेळी आधी मोजायचे. सगळे आठपायी निघाले.

त्या संध्याकाळपासून दुसऱ्या चहाच्या वेळी सुरगाण्याचा किस्सा बंद झाला. येवल्याचा व्हायचा, सुरगाण्याचा नाही. मी रोज ठरवायचो, आज सांगतो. रोज बिस्किट बुडवायचो. काकांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, उलट हॉर्न वाजवणाऱ्या त्या रिक्षावाल्यालाच घाई नडली म्हणून दोष द्यायचे, मग "नाही, पाटी माझी" म्हणून स्वतःलाच गप्प करायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मला पुण्यात नोकरी लागली. निघताना काकांनी खोली पुन्हा मोजली, तीन इंच अजून कमीच होते. काकूंनी लाडू दिले. काकांनी खाकी लिफाफा दिला, लाखेचा शिक्का मारलेला. "गाव सुटल्यावर उघडा," म्हणाले.

मी तो सिन्नरजवळ बसमध्ये फोडला. आत कागदाच्या घडीत वाळून लवंगेएवढा झालेला एक गाजराचा ऑक्टोपस होता. एक मोहरी गळलेली. कागदावर काकांचं मोत्यासारखं अक्षर:

"तपासणी टीप. सदोष नगाच्या कापांचा कल डाव्या हाताचा. दुकानदार उजव्या हाताचा. तथापि पाटी दुकानदाराची, सबब दोष दुकानदाराचा. आठव्या पायाचा शोध घेतला. पाट, सुरी, केराची टोपली, मोरी तपासली. मिळून आला नाही. भाडेकरूचे म्हणणे आल्यावर प्रकरण बंद करण्यात येईल."

त्याखाली "भाडेकरूचे म्हणणे" असं लिहून पट्टीने आखलेल्या चार कोऱ्या ओळी.

बसमध्ये मी रडलो, उगाच खोटं कशाला सांगू. शेजारच्या बाईंनी माझ्या तळहातावरचं गाजर बघितलं आणि मला पाणी दिलं.

त्याला तीन वर्षं झाली. कागद माझ्या कपाटात आहे, ओळी कोऱ्याच. परवा काकूंचा फोन आला. तब्येती, पाणी, गल्लीतलं कोण वारलं, सगळं झाल्यावर म्हणाल्या, "अरे, ते रोज पोस्टमनला विचारतात. मला वाटलं जपानचं विचारतात. परवा कळलं, तुझं विचारतात. काय आहे ते एकदा पाठवून दे बाबा."

म्हणून आज बसलो. चार ओळींत मावेना, तेव्हा ही जास्तीची पानं जोडली आहेत. काका पानं मोजतीलच.

काका, तो मीच कापला होता. बाकीचे एकशे एकोणसाठ नग खरे होते, त्या म्हातारीला तसं कळवायला हरकत नाही. आणि मोरी पुन्हा तपासू नका. आठवा पाय मी खाल्ला.